चार काठ्या आणि लमायचं लव्हाळं

पी लमाय,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सुरुवातीलाच सांगून टाकते, मी अजून रागावलेली आहे. एकोणतीस वर्षं झाली तरी. एव्हाना माझा राग विझला असेल असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस. अकरा वर्षं एका होडीत बसून, एका डब्यातला भात खाऊन तू मला फसवलंस. तेही हसत हसत, "ख्रू, पाय वर घे, इथे जळवा आहेत," असं मायेनं सांगत. आणि कशापायी, तर नखाएवढ्या एका पतंगापायी. तुझी बाजू मला ठाऊक नाही असं नाही. तीही लिहिणार आहे. पण पत्र माझं आहे, तेव्हा आधी माझं.

तुझे डोळे गेले असं वान्दी सांगते. म्हणजे हे तुला तीच वाचून दाखवणार, आणि दाखवताना नको ते गाळणार. तुझीच मुलगी ती, गोड बोलून वेळ मारून न्यायला तुझ्याकडूनच शिकली. म्हणून तुझ्याशी बोलणं इथेच थांबवते आणि ज्यांना तू माहीत नाहीस त्यांना तुझी हकिगत सांगते. ते निदान मधेमधे तोंड घालणार नाहीत.

दक्षिण थायलंडातलं आमचं तळं नावालाच तळं आहे. अर्ध्याहून जास्त जागा लव्हाळ्यानं व्यापलेली. माणसाच्या डोक्यावर जाईल असं, पानं नसलेलं, नुसत्या गोल हिरव्या काड्यांचं लव्हाळं. त्याच्या चटया विणतात आणि त्या चटयांवर आमच्याकडची माणसं जन्मतात, जेवतात आणि मरतात. लमाय पूर्वेच्या काठावर जन्मली. तिच्या आईचा तिथे एक पट्टा होता. कागदावर नव्हे. तळ्यात कोणाच्याच नावावर काही नसतं. पण अमका पट्टा अमकीचा हे सगळ्यांना माहीत असतं आणि दुसरीच्या पट्ट्यातली काडी कोणी उपटत नाही. आई गेली तेव्हा लमायला दोन गोष्टी मिळाल्या, हा पट्टा आणि एक मुसळ.

शाळा चौथीपर्यंत. तीही झोपेत झाली, असं ती सांगायची. पहाटे आईबरोबर लव्हाळं कुटायचं आणि मग वर्गात डुलक्या काढायच्या. "ख्रूनं छडी मारली की मी जागी व्हायचे, आणि जागी झाले की भूक लागायची. त्यापेक्षा झोपलेलं बरं." एकोणिसाव्या वर्षी सेंगशी लग्न झालं. सेंग दिसायला चांगला आणि कामाला वाईट. वान्दी तीन वर्षांची असताना तो दुसऱ्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांवर कामाला गेला आणि तिथे त्यानं दुसरी बाई केली. वर्षातून एकदा, दहाव्या महिन्यात पितरांचा सण असतो तेव्हा यायचा. लमाय सांगायची, "पितर येतात तेव्हा हाही येतो. दोघांना वाढते. दोघंही जेवतात, काही बोलत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी निघून जातात. पितर निदान आशीर्वाद देतात."

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा चौतीस वर्षांची होते. सोंखलाच्या कॉलेजातून शिकलेली, चष्मेवाली, बिनलग्नाची, सगळ्यांची ख्रू. ख्रू म्हणजे शिक्षिका, पण आमच्याकडे हे नावाला जोडलं की नाव पुसूनच जातं. माझं नाव उरै आहे हे गावात चारसहा जणांना तरी माहीत असेल की नाही, शंका आहे. लमाय माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला पी लमाय म्हणायचे, थोरली बहीण म्हणतात तसं. ती मला काठावर 'तुम्ही' म्हणायची आणि होडीत 'तू'. होडी ढकलली की 'तू' सुरू. हे कधी ठरवलं नव्हतं.

ओळख झाली ती शाळेच्या कुंपणाशी. ती लव्हाळ्याच्या जुड्या शाडूच्या पाण्यात बुडवून आमच्या कुंपणाला लावून वाळवत होती. शाडू लावला की काडी उन्हात तडकत नाही. एका काडीवर काहीतरी चिकटलेलं दिसलं, गवताच्या तुसासारखं. मी काढायला बोट लावलं तर ते उडालं.

"कुसळ आहे ते," ती म्हणाली.

"कुसळ उडतं का?"

"आमच्याकडचं उडतं. तुमच्या पुस्तकात उडत नाही का?"

पतंग होता तो. वाळल्या काडीच्या रंगाचा, तोंड चोचीसारखं पुढे आलेलं, पंख काडीभोवती गुंडाळून बसणारा. बसला की काडीचा तुकडाच. त्याची अळी काडीच्या आत राहते आणि आतून खात खात खाली उतरते. अशी पोखरलेली काडी कुटली की फुटते, आणि विणली तर चटईवर पिवळा डाग पडतो. लमाय डोळे मिटून कुटायची आणि नुसत्या आवाजावरून पोखरलेली काडी बाजूला काढायची. मला शंभरदा ऐकवून दाखवलं तरी दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. "तुझे कान पुस्तकं वाचून खराब झाले," असं तिचं निदान.

मी ते कुसळ डबीत घालून बँकॉकच्या एका प्राध्यापकांना पाठवलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. हा पतंग या तळ्यावर असल्याची आजवर नोंद नाही, उघड्या पाणथळीत राहणारी ही जात असून तिच्याविषयी फारसं काही माहीत नाही, आपण निरीक्षण चालू ठेवावं. एवढंच पत्र. पण गावातल्या शाळेत बेडकाची चित्रं काढायला लावणाऱ्या बाईला कोणी 'आपण निरीक्षण चालू ठेवावं' लिहिलं तर तिचं काय होत असेल, त्याची कल्पना करा. त्या एका ओळीवर मी अकरा वर्षं काढली.

कोरड्या महिन्यांतल्या दर रविवारी उजाडताना लमाय मला होडीतून न्यायची. सकाळी दव असतं, तेव्हा कुसळं शेंड्यांवर बसलेली असतात आणि त्यांना उडायचा कंटाळा असतो. ती कमरेएवढ्या पाण्यात उतरून काड्या उपटायची, मी होडीत बसून मोजायचे. मोजण्यात तीही भाग घ्यायची. "सतरा. अठरा. हा मघाचाच आहे गं, तुला बघून परत आला." मग मला अळ्या आणि कोष बघायला एकदोन गड्डे मुळासकट हवे असायचे. ते ती उपटून, पाण्यात खळाखळा धुऊन, स्वच्छ करून माझ्या हातात द्यायची. मला वाटायचं, माझे कपडे चिखलानं भरू नयेत म्हणून धुते. केवढी समज, असं मी वान्दीलासुद्धा एकदा म्हटलं होतं.

दुपारी डब्यातला भात, सुका मासा आणि माशाच्या आतड्यांची झणझणीत आमटी. मी पाणी पीत जेवायचे आणि ती माझ्या नाकाकडे बघून हसायची.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे पाचव्या महिन्यात, तळ्याचं पाणी उतरलं की बायका आपापला पट्टा पेटवतात. जुनं, वाळकं, वाकडं लव्हाळं जळून जातं आणि पाऊस पडला की नवं सरळ येतं. पेटवण्याआधी लमाय होडीच्या काठावर वल्हं आपटत पट्ट्याभोवती फेरी मारायची आणि ओरडायची, "उठा गं, उठा रे, घर पेटणार आहे! पोरंबाळं घ्या आणि निघा! मग म्हणू नका लमायनं सांगितलं नाही!" पाणकोंबड्या, साप, कासवं, जे काय असेल ते खरंच बाहेर पडायचं. तिच्या आईचीही हीच रीत, आजीचीही.

पहिल्या वर्षी मी हे पाहिलं. साप निघून जाईल, पण काडीच्या आतली अळी कुठे जाणार? मी लमायला होडीतच समजावलं.

"पी, तू याला मारतेयस."

"कोणाला?"

"कुसळाला. अळ्या आत असतात ना."

"खाली असतात. बुडख्यात, पाण्याखाली. आग वरून जाते."

"तू बघितलंस?"

"उपटते ना मी रोज."

मी तिचं बोलणं कानाआड केलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मला अळीचं शास्त्र सांगते म्हणजे काय! मी तिला सांगितलं की तुझ्या पट्ट्यातला एक तुकडा माझ्यासाठी राखून ठेव. मी चार कोपऱ्यांवर चार काठ्या ठोकते, लाल चिंध्या बांधते. त्या काठ्यांच्या आत पेटवायचं नाही.

ती वल्ह्यावरचं शेवाळ नखानं काढत राहिली. मग म्हणाली, "बरं, ख्रू."

आता मीही याच मातीतली. ख्रूला तोंडावर 'नाही' म्हणायची आमच्या गावात रीत नाही. भिक्खूला नाही, ख्रूला नाही, आजारी माणसाला नाही. 'बरं' याचा अर्थ 'तुमचं ऐकून घेतलं' एवढाच असतो. माझ्या आईनं मासेवाल्याला, जावयाला, सगळ्यांना जन्मभर 'बरं' म्हटलं आणि केलं ते आपल्या मनाचं. पण कॉलेजात शिकलेल्या बाईला वाटलं, आपल्याला वचन मिळालं.

पुढची दहा वर्षं दर कोरड्या दिवसांत लमाय मला त्या चार काठ्यांपाशी न्यायची. काठ्या तिथेच, चिंध्या तिथेच, लव्हाळं उंच आणि दाट, आणि शेंड्यांवर कुसळं. बाजूला काळ्या पडलेल्या मोकळ्या जागा दिसायच्या आणि मधे हा माझा हिरवा चौकोन. मला भरून यायचं. तळ्यात दिशा कळत नाहीत, दर पुरात वाटा बदलतात, सगळीकडे डोक्याच्या वर काड्या. मी होडीत बसायचे आणि ती नेईल तिथे जायचे. मुलांनी वहीत दिशा लिहिली नाही तर मी गुण कापायचे, आणि स्वतः अकरा वर्षांत एकदा होकायंत्र घेऊन गेले नाही.

दर वर्षी मी बँकॉकला अहवाल पाठवायचे. न पेटवलेल्या तुकड्यात इतके पतंग. पुढल्या वर्षी इतके. प्राध्यापक खूश होते. अकराव्या वर्षी त्यांनी कळवलं की यावर आपण दोघांच्या नावानं निबंध छापू, आणि तळ्याची देखरेख करणाऱ्या कचेरीलाही तुमची शिफारस पाठवा. मी शिफारस लिहिली. पूर्वेचा कोपरा आगीपासून जपावा, असं लिहायचं होतं. लिहिताना वाक्य लंगडं वाटलं. मी ते 'आगीपासून आणि माणसांपासून जपावा' असं केलं. वाक्य भारदस्त झालं. लमायला विचारलं का? नाही. मनात आलं होतं का? तेही खरं सांगते, आलं होतं. पण ती 'बरं' म्हणेल असं वाटलं.

दोन महिन्यांनी सकाळी गावच्या मुखियाच्या भोंग्यावर घोषणा झाली. पूर्वेचा कोपरा बंद. पेटवायचं नाही, उपटायचं नाही, होडी घालायची नाही. कोपऱ्यात एकट्या लमायचा पट्टा होता, बाकीच्यांचे पश्चिमेला. त्यामुळे गावात आरडाओरडा झाला नाही. भोंगा वाजला तेव्हा ती शाडू कालवत होती, असं शेजारणीनं मला सांगितलं. म्हणे हात तसेच शाडूत ठेवून ती सबंध घोषणा ऐकून घेत होती, आणि भोंग्यावर गाणं लागलं तरी हात बाहेर काढले नाहीत.

त्या रविवारी ती मला न्यायला आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मला वाटलं, समजून घेईल, दुसरीकडे उपटेल, तळं काय लहान आहे का? बंदी लागू व्हायला अजून दोन आठवडे होते आणि मला शेवटची मोजणी करायची होती. म्हणून मी एका म्हाताऱ्या कोळ्याची होडी घेतली आणि चिंध्या शोधत गेले. काठ्या सापडल्या. गड्डा उपटायला कोळी तयार होईना, त्याच्या कमरेत उसण भरली होती. मग मीच उतरले. आयुष्यात पहिल्यांदा. जळवा, राड, सगळं सोसलं. दोन्ही हातांनी गड्डा ओढून काढला आणि पाहते तर माझी बोटं काळी.

चिखल नव्हता तो. काजळी होती. गड्ड्याच्या बुडाशी जळक्या काड्यांचे खुंट होते, बोटभर उंचीचे, कोळशासारखे, आणि त्यांच्यामधून नवं लव्हाळं वर आलेलं. फार तर दोन वर्षांपूर्वीची आग. मी दुसरा गड्डा काढला, तिसरा काढला. चौथा काढताना माझा चष्मा पाण्यात पडला. सगळे तसेच. आणि खुंटांच्या खाली, पाण्याखालच्या पांढऱ्या बुडख्यात, कुसळाचे कोष सुखानं झोपलेले.

"काय झालं, ख्रू?" कोळी म्हणाला.

"या काठ्या इथेच असतात का रे, काका?"

"कुठल्या, लमायच्या? छे! ती दर वर्षी उचलून दुसरीकडे लावते. आम्हाला वाटायचं, तुम्हीच सांगता."

मी तशीच, ओल्या कपड्यांनी, बिनचष्म्याची तिच्या दारात गेले. ती आणि शेजारीण समोरासमोर उभ्या राहून लव्हाळं कुटत होत्या, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. मी काळे हात पुढे केले.

"हे काय आहे?"

तिनं पाहिलं. मुसळ थांबलं नाही. "धुवून घ्यायचं राहिलं," ती म्हणाली.

"अकरा वर्षं धुवून देत होतीस मला!"

"हो."

"काठ्या हलवत होतीस!"

"दर पावसाळ्याच्या तोंडाला. जिथे काड्या उंच झाल्या असतील तिथे लावायची. तुला उंच आवडायच्या." काठावर, शेजारणीच्या देखत, ती मला 'तू' म्हणत होती.

"तू मला 'बरं' म्हणाली होतीस."

"मग काय म्हणायला हवं होतं? माझ्या आईचा पट्टा आहे, तुझ्या काठ्या उपटून घे? तसं म्हटलं असतं तर तू होडीत बसली असतीस का परत?"

"मी सगळं खोटं लिहिलं. अकरा वर्षं खोटं लिहिलं तुझ्यामुळे!"

आता मुसळ थांबलं. "खोटं कसं? कुसळं होती ना? एका तरी वर्षी नव्हती असं झालं? तू मोजलीस, मी मोजली. जिथे पेटवलं तिथेच होती. मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आग वरून जाते. राखून ठेवलेल्यात मी कधी बघितलंच नाही कुसळ. दोन वर्षं सोडलं की लव्हाळं लोळतं, त्यावर वेल चढतात, मग तिथे काय बसणार ते? तुझ्या लाडक्याला उघडं लागतं."

"हे मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं. तू ऐकायचं सोडून कागद काढलास."

शेजारणीनं मुसळ खाली ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे घालायचं निमित्त काढून निघून गेली. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. चोरटी म्हणाले. सेंग का पळाला ते आता कळलं, असंही म्हणाले. ते बोलायला नको होतं. ती फक्त म्हणाली, "मी चार काठ्या हलवल्या, ख्रू. तुम्ही माझी आई हलवलीत." आणि 'तुम्ही'वर परत आली.

तीन आठवडे आम्ही एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या राहिलो नाही. मग एका संध्याकाळी ती माझ्या खोलीवर आली. हातात केळीच्या पानात बांधलेला सुका मासा. उंबऱ्यातच बसली.

"साहेब बुधवारी बसतो जिल्ह्याच्या कचेरीत," ती म्हणाली. "बारापर्यंत. मी विचारून आले. मी एकटी गेले तर तो ऐकणार नाही, लव्हाळेवाली आहे, स्वतःच्या पोटासाठी बोलते म्हणेल. तुम्ही चला. तुम्ही फक्त एवढं सांगा, की कुसळ जळक्या बुडख्यात राहतं. बाकीचं मी सांगते. काठ्या मी हलवल्या, माझं नाव लावा, दंड करायचा तर मला करा."

"ते विचारतील, ख्रूला अकरा वर्षं दिसलं नाही का?"

"विचारतील. हसतीलही. मला तर रोज हसतात, मेले का मी?"

मी तिच्याकडे बघितलं. काड्या उपटून सोललेले तिचे तळहात त्या तीन आठवड्यांतही बरे झाले नव्हते. ती दुसऱ्यांच्या पट्ट्यात अर्ध्या जुड्यांवर, म्हणजे अर्ध्या मालकिणीला आणि अर्ध्या आपल्याला या बोलीवर, उपटायला जाऊ लागली होती. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आपल्या आईच्या पट्ट्यावरून होडी वळवून.

"बरं," मी म्हणाले. "बुधवारी जाऊ. पहिला तास आटोपला की येते."

ती उठली. मासा ठेवून गेली. जाता जाता म्हणाली, "आमटी करून खा. तिखट कमी घाला, नाहीतर नाक वाहील."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. पूर्वेचा कोपरा बंदच राहिला. पहिल्या वर्षी लव्हाळं वाढून लोळलं. दुसऱ्या वर्षी देवनळ घुसला, तिसऱ्या वर्षी वेलींनी सगळं दाबून टाकलं आणि पांढऱ्या सालीच्या झाडांची रोपं डोकं वर काढू लागली. चौथ्या वर्षी मी कचेरीची परवानगी घेऊन मोजायला गेले. सकाळी सहा ते नऊ. एक कुसळ नाही. परत येताना पश्चिमेच्या काळ्या पडलेल्या पट्ट्यांमधून आले, तिथे मी मोजलंच नाही, नुसती बघत होते. पुष्कळ होती. निबंध छापून आला होता, त्यात माझं नाव दुसरं आहे. अजून कोणीतरी कुठेतरी त्याचा दाखला देतं आणि मला कळवतं. शिक्षकदिनाला शाळेनं मला शाल दिली, जी या हवेत कोणीच पांघरू शकत नाही.

लमाय पाच वर्षं अर्ध्या जुड्यांवर राबली. मग गुडघे गेले. वान्दी तिला हाट याई शहरात घेऊन गेली. तिथे ती बाजारामागच्या एका खोलीत बसून लसूण सोलायची, पुढे डोळे गेल्यावर तेही आवाजावर आणि स्पर्शावर. मुसळ तिनं शेजारणीला दिलं. पट्टा द्यायला उरला नव्हता.

आणि तो बुधवार. आमची शाळा रस्त्याला लागून. माझा वर्ग रस्त्याच्या बाजूचा. पहिला तास संपला तेव्हा पलीकडे चहाच्या टपरीपाशी ती उभी असलेली मला खिडकीतून दिसली. देवळात जायचा फिका जांभळा ब्लाउज, केस पाणी लावून बसवलेले, पायात कोणाच्या तरी चपला, मोठ्या होत होत्या. जिल्ह्याच्या गावाला जाणारी जीप आली. थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती काहीतरी बोलली आणि जीप गेली.

मी दुसरा तास घेतला. तो माझा नव्हता. ज्या शिक्षकाचा होता त्याला मी सांगितलं, तुम्ही चहा घेऊन या, मी बघते मुलांकडे. डोक्यात एकच चाललं होतं. हिनं मला अकरा वर्षं वेड्यात काढलं आणि आता मी सगळ्या जिल्ह्यासमोर उभं राहून सांगू, की होय, मी वेडी आहे? तेही हिच्यासाठी? निबंध छापायला गेला होता. तो मागे घ्यावा लागला असता. मी फळ्यावर पतंगाचं चित्र काढलं, सहा पाय, चार पंख, आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावलं. दुसरी जीप आली, गेली. माझी पाठ खिडकीकडे होती, पण हॉर्न ऐकू आला.

चहावालीनं मला पुढे कधीतरी सांगितलं, की तिनं लमायला स्टूल दिलं होतं, पण ती बसली नाही. बसलं की ब्लाउज चुरगळतो म्हणाली. प्रत्येक ड्रायव्हरला सांगत होती, "थोडं थांब ना, ख्रू येतेय. तिचा वर्ग सुटला की येईलच."

तिसरी जीप साडेदहाला आली. त्यानंतरच्या जीपनं बाराच्या आत कचेरी गाठता येत नाही. तीही जीप निघून गेल्यावर लमाय थोडा वेळ उभी होती. मग चपला काढून हातात घेतल्या आणि तळ्याच्या रस्त्यानं चालू लागली.

मी मनाशी म्हटलं, पुढच्या बुधवारी जाऊ. साहेब दर बुधवारी बसायचा.